रुमालाखाली

हळदीचं मला सगळं कळतं.
राजापुरी की सेलम, डोळे मिटून सांगेन.
हळकुंड मोडताना जो आवाज येतो
त्यावरून सांगेन, शिजवणाऱ्यानं घाई केली का.
अर्ध्या हळकुंडानं पिवळी होणारी माणसं असतात,
मी पोत्यांच्या थप्पीत उभा राहून
कोरा.

जुन्या पद्धतीत भाव बोलायचा नसे.
दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा,
खाली बोटं धरायची.
वर चेहरे मख्ख, पाऊसपाण्याच्या गप्पा.
दादा त्यात वस्ताद होते.
घरीही त्यांनी रुमाल कधी काढला नाही.

दादा गेले त्या दिवशी
कृष्णेच्या घाटावर माझ्या पोटात काहीतरी आवळलं.
वाटलं, भूक.
सकाळपासून चहासुद्धा नव्हता.
परतताना पाव किलो भडंग घेतलं,
उभ्या उभ्या संपवलं. पाहुणे बघत होते.
आवळलेलं सुटलं नाही,
म्हणजे मग तहान असणार.

तहानेचं एक बरं असतं,
तिचं दुकान असतं.

पोरगी सासरी गेली तेव्हा मान आखडली,
मी गादी बदलली.
बसगोंडानं पंधरा वर्षांची भागी मोडली,
कानशिलं तापली, उन्हाला बोल लावला.
मंदाकिनी अकरा रात्री सिव्हिलमध्ये होती,
माझे तळवे गार पडायचे.
पित्त, म्हणालो.
आणि प्रत्येक संध्याकाळी
यार्डामागच्या परमिट रूममध्ये, पंख्याखालचं टेबल.
तिथं काय झालंय असं कुणी विचारत नसे.
वेटर एवढंच विचारायचा,
सोडा की पाणी?
या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

पूर आला की सगळी सांगली
आयर्विन पुलावरच्या आकड्यांकडे बघते.
किती फूट, एवढं कळलं
तरी माणसं वेळेत धान्य माडीवर चढवतात.
माझ्या आत आकडे रंगवायचे राहिले.
पाणी उंबऱ्यात आलं तेव्हाच कळायचं, दरवेळी,
आणि तोवर मी प्यालेला असायचो.

मिरजेच्या केंद्रात मुलाणी मॅडमनी
एक तक्ता पुढं केला.
गोल चेहरे, खाली शब्द :
खिन्न. ओशाळा. धास्तावलेला. एकाकी.
आज यातलं कुठलं?
परक्या पेठेतला भावफलक वाचावा
तसा मी वाचत राहिलो.
शेवटी म्हणालो, छातीवर पोतं ठेवल्यासारखं वाटतंय.
वाटलं, बाई हसतील.
त्या म्हणाल्या, किती किलोचं?
पन्नास. नाही, साठ.
भिजलंय ते.
त्यांनी वहीत लिहून घेतलं,
आणि मान वर न करता विचारलं,
कधी भिजलं?

मला घाट आठवला.
भडंगाचा कागद आठवला, तेलकट,
कुठं टाकावा न कळून
दिवसभर खिशात ठेवलेला.

एकेचाळिसाव्या दिवशी मंदाकिनी भेटायला आली.
डब्यात धपाटी, चटणी वेगळ्या पुडीत.
यार्डातलं सांगत राहिली. कोण आलं, कोण गेलं,
सेलमचा भाव उतरलाय.
मी खिशातून रुमाल काढला,
तिच्या हातावर आणि माझ्या हातावर टाकला,
खाली तिची बोटं धरली.
दोन दाबली. मग एक. मग सगळी मूठ.
भाव काय होता मलाही ठाऊक नव्हतं,
आणि तिला ती बोली कधी शिकवलीच नव्हती.

हात गार पडलेत तुमचे, ती म्हणाली.

पित्त, असं तोंडात आलं होतं.
पित्त नाही, म्हणालो.
ती पुढच्या शब्दासाठी थांबली.
तो आला नाही.
भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली
तरी दोघांपैकी कुणी
रुमाल उचलला नाही.